‘स्वयंपाक’ या शब्दातला ‘स्वयं’ कोण? मुलांना घरी स्वयंपाक शिकवण्याच्या तथाकथित परंपरेविषयी

१/
उन्हाळी सुट्टी लागली की कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीपासून पौड रस्त्यापर्यंत, सोसायट्यांच्या फाटकांवर बालपाककला शिबिरांचे फलक दिसू लागतात. विस्तवाशिवाय पाककृती, चार-पाच दिवस, एप्रन आणि प्रमाणपत्रासह. फलकासोबत एक वाक्यही हमखास कानी पडते : पूर्वी मराठी घरांत मुले स्वयंपाक आपोआप शिकत, आता ती परंपरा तुटली, म्हणून शिबिरे काढावी लागतात. या वाक्याचा पूर्वार्ध इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तो का टिकत नाही, आणि टिकत नसल्यामुळेच आज मुलांना घरी स्वयंपाक शिकवणे अधिक निकडीचे का ठरते, याविषयी हा धागा.

२/
आरंभ शब्दापासून करावा. हिंदी आणि गुजराती ‘रसोई’ म्हणतात, कोकणी ‘रांदप’ म्हणते. मराठीने रोजच्या रांधण्याला नाव दिले ‘स्वयंपाक’, म्हणजे स्वतः शिजवणे. हे नाव ऐकून स्वावलंबनाचा अभिमान वाटणे साहजिक आहे, पण शब्दाचे कुळ वेगळे आहे. संस्कृतातील ‘स्वयंपाकी’ म्हणजे केवळ स्वतःच्या हातचे अन्न ग्रहण करणारा. त्याच्या स्वतः शिजवण्यामागे कामाची आवड नव्हती. दुसऱ्याच्या स्पर्शाचे भय होते. या शब्दातला मूळचा ‘स्वयं’ हा प्रौढ, उपनयन झालेला, सोवळे पाळणारा पुरुष आहे. त्यात बाई नाही आणि मूल तर नाहीच.

३/
हा पुरुष प्रवासात दिसतो. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. त्या काळच्या वैदिकाला अशा वाटेवर मुक्कामोमुक्काम चूल मांडणे भाग असे. परक्याच्या हातचा शिजलेला भात चालत नसल्याने हाती असलेल्या भांड्यात तो स्वतः शिजवावा लागे. म्हणजे भात कसा होतो, हे या पुरुषांना उत्तम ठाऊक होते. तरीही परतून आपल्या घराचा उंबरा ओलांडला की हे ज्ञान वहाणांबरोबर बाहेर राही. घरात रांधणे हे त्यांचे काम नव्हते आणि ते पुत्राला शिकवावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

४/
पुत्राची सोय निराळी होती. विद्यार्थी ब्राह्मण मुलगा घरोघर हिंडून शिजलेले अन्न मागे, ती माधुकरी. किंवा तो वार लावून जेवे : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. पुण्याच्या विद्येच्या इतिहासात माधुकरीवर शिकलेल्या मुलांच्या कथा आदराने सांगितल्या जातात आणि त्यांतील कष्ट खोटे नाहीत. परंतु त्या कथेची दुसरी बाजू क्वचितच कोणी पाहते. ज्या व्यवस्थेत बारा वर्षांचा मुलगा व्याकरणाची सूत्रे घडाघडा म्हणे, तीच व्यवस्था त्याला वरण-भात शिकवण्यापेक्षा सात घरच्या सात बायकांना त्याच्यासाठी एकेक पान अधिक वाढायला लावीत असे. भूक त्याची, हात दुसऱ्याचे.

५/
पुरुष रांधत नव्हते, असे म्हणणे अर्थात चुकीचे ठरेल. पंगतींचे आचारी पुरुष, वाढपी पुरुष, श्रीमंतांघरचे स्वयंपाकी पुरुष, पाणके पुरुष. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहविला, त्यात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे. सतराव्या शतकातला ‘भोजनकुतूहल’ रघुनाथ गणेश नवहस्तांचा. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक मानले जाणारे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी लिहिले. भीमाने विराटाघरी बल्लव होऊन काढलेले वर्ष तर प्रत्येकाला ठाऊक आहे. शास्त्र, व्यवसाय, दरबार आणि अज्ञातवास : पुरुषाचा हात चुलीला लागण्याची ही ठिकाणे. बहिणीला आज ताप आहे म्हणून भावाने भाकरी थापली, असे ठिकाण या यादीत येत नाही.

६/
‘सूपशास्त्रा’चे साल जरा थांबून पाहण्याजोगे आहे. ज्या समाजात स्वयंपाक ‘आपोआप’ शिकला जातो, त्याला १८७५ साली छापील पुस्तक कशाला लागावे? पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. एक हजार पाकक्रियांचे. १९७० साली किर्लोस्करांनी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ काढली आणि तिने वाटी-चमच्याच्या मापात पदार्थ सांगून ‘अंदाजाने घाल’ या सासुरवाशिणीच्या जुन्या छळाला मोठाच शह दिला. म्हणजे निदान दीडशे वर्षे मराठी माणूस स्वयंपाक पुस्तकातूनही शिकतो आहे. परंपरा तुटल्याची हळहळ करणाऱ्यांनी ती नेमकी कोणत्या साली अखंड होती, तेवढे सांगावे. आणि ‘गृहिणी-मित्र’ हे नाव पाहावे : मित्र कोणाचा, ते मुखपृष्ठावरच लिहिलेले आहे.

७/
आता मुलींकडे. त्या शिकत होत्या, यात शंका नाही. पण ‘शिकणे’ हा शब्द तेथे जपून वापरावा लागतो. भातुकली घ्या. इवलीशी चूल, बोळकी, जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता. पितळेच्या त्या संचांचे सौंदर्य निर्विवाद आहे आणि हल्ली त्यांची प्रदर्शनेही भरतात. परंतु भातुकली हा खेळ ज्या क्रमाने चाले, तो क्रम बोलका आहे. आधी चूलबोळक्यांचा संसार, मग गूळ-चुरमुऱ्यांची पंगत, शेवटी बाहुला-बाहुलीचे लग्न. मुलगे या खेळात आले तर जेवायला आले, किंवा वरपक्ष म्हणून. सात-आठ वर्षांच्या मुलीला दोन-चार वर्षांत जे खरेच करावे लागणार होते, त्याची ही रंगीत तालीम होती. हल्ली तिला ‘मुलांचा पारंपरिक खेळ’ म्हणतात. ‘मुलांचा’ हे बहुवचन मागाहून चिकटवलेले आहे.

८/
उच्चवर्णीय घरात तर खरी चूल मुलांच्या जवळपासही नव्हती. स्वयंपाक सोवळ्यात, पारोशा मुलाने शिवायचे नाही, ओलांडायचे नाही, डोकवायचे नाही. ‘आईच्या पदराला धरून मुले शिकली’ हे चित्र काढणाऱ्याने आधी त्या पदराला शिवण्याची मुभा होती का, हे पाहायला हवे. सोवळ्यातले ते काम कित्येक घरांत केशवपन झालेल्या विधवेकडे असे. तिच्या हातचे अन्न चाले; केस राखलेल्या विधवेच्या हातचे पाणीही कर्मठांना चालत नसे. म्हणजे बाईला विद्रूप करून मगच तिला चुलीपुढे बसवायचे आणि उरलेले आयुष्य तेथून उठू द्यायचे नाही. मराठी पाककौशल्याचा केवढा तरी भाग या बायकांच्या हातांत होता. ज्या सुगरणपणाची आठवण आज इतक्या हळुवारपणे काढली जाते, तो पुष्कळदा असा वसूल केलेला आहे.

९/
आणि सोवळ्याच्या बाहेर? बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनातील बालवधूंची पाने वाचावीत. महारवाड्यात सून म्हणून आलेली आठ-नऊ वर्षांची पोर, पहाटेच्या अंधारात दळायला उठवलेली, मग भाकरीला बसवलेली. भाकरी जमली नाही की सासू ती शेजारणींना दाखवायची आणि पोरीच्या आईबापांचा उद्धार व्हायचा. हीसुद्धा घरीच स्वयंपाक शिकवण्याची पद्धत होती, आणि महाराष्ट्राच्या पुष्कळ घरांत, थोड्याफार फरकाने, हीच होती. ब्राह्मण वाड्यात भाषा वेगळी, शिवी सौम्य, पण सुनेची परीक्षा तीच. मूल चटक्यांनी शिकते, हे खरे. मात्र त्याला अध्यापनशास्त्र म्हणू नये.

१०/
येथपर्यंतचा हिशेब असा लागतो : मुलग्यांना घरी शिकवले जात नव्हते, मुलींना शिकवले जात होते, पण त्या मूल म्हणून नव्हे, भावी सून म्हणून शिकत होत्या. ‘मुलांना घरी स्वयंपाक शिकवण्याची मराठी परंपरा’ या शब्दसमूहात ज्या मुलांचा उल्लेख आहे, ती मुले इतिहासात सापडत नाहीत. अपवाद असतीलच. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) ‘पत्रावळ’ नावाचे प्रकरण आहे. मुलाला पत्रावळ लावता आलीच पाहिजे, असा त्यात आग्रह आहे. ते पुस्तक एवढे मनात राहिले, याचे एक कारण त्यातली आई मुलग्यालाही हाताने काम करायला लावते, हे असावे. पण पत्रावळ ही पंगतीची बाहेरची बाजू. श्याम चुलीपाशी बसला आहे, असे चित्र मराठी मनात रुजले नाही.

११/
मग शाळा आली आणि भांडण उघड्यावर आले. १८८४ साली पुण्यात मुलींची हायस्कूल सुरू झाली, हुजूरपागा. इंग्रजी, गणित, इतिहास. रानडे-भांडारकरांच्या या उपक्रमावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी पुढील काही वर्षे टीकेची झोड उठवली. हा अभ्यासक्रम मुलींच्या संसाराला निरुपयोगी आहे. त्यांना गृहोपयोगी, मराठीतून, धर्म-नीतीला धरून शिकवावे. आणि शाळेची वेळ इतकी लांब असावी का, की घरकाम शिकायला सवडच उरू नये? लोकमान्यांच्या राजकारणाविषयी आदर असणाऱ्यांनी हे अंकही वाचावेत. ती टीका स्वयंपाकाच्या प्रेमातून आलेली नव्हती. तसे असते तर न्यू इंग्लिश स्कूलच्या वेळापत्रकातही मुलग्यांसाठी रोज एखादा तास चुलीला मागितला गेला असता.

१२/
आता कोथरूडच्या वेशीवर यावे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली काढलेला अनाथबालिकाश्रम १९०० साली गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. आजचे कर्वेनगर ते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संपले की कर्वे पायी हिंगण्याला जात, पुष्कळदा आश्रमाचे सामान बरोबर घेऊन. चुलीपुढे जखडलेल्या विधवांच्या हातात त्यांनी पाटी दिली. या कामाचे मोल कमी लेखणारा माणूस इतिहासाचा विद्यार्थी असू शकत नाही. पुढील विधान त्या आदरासह वाचावे.

१३/
१९१५ साली कर्व्यांच्या वाचनात टोकियोच्या जपानी महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१ साली स्थापन केले होते. त्याच डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते हिंगण्याला सुरूही झाले; १९२० नंतर ते ठाकरसींच्या देणगीमुळे एस.एन.डी.टी. म्हणून ओळखले जाऊ लागले. मातृभाषेतून शिक्षण, हे त्याचे एक तत्त्व. बायकांच्या आयुष्याला उपयोगी विषय, हे दुसरे. म्हणून गृहशास्त्र आणि आरोग्य. या दुसऱ्या तत्त्वाने एक फार मोठी गोष्ट केली : चुलीपुढच्या ज्ञानाला विद्यापीठाच्या परीक्षेत जागा मिळाली. आणि त्याच क्षणी एक दुसरी गोष्टही झाली. ते ज्ञान बायकांचे, यावर विद्यापीठाचा शिक्का बसला. ‘केसरी’ ज्या भिंतीच्या आत मुलींना ठेवू पाहत होता, ती भिंत कर्व्यांनी रुंद केली, तिला खिडक्या पाडल्या. पाडली मात्र नाही.

१४/
पार्वतीबाई आठवल्यांचा प्रवास येथे मुद्दाम आठवावा. कर्व्यांच्या मेहुणी, विधवा, आश्रमासाठी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा करणाऱ्या. १९१२ साली त्यांनी केस वाढवले आणि १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, अमेरिका गाठली. तेथे त्यांनी लोकांघरी घरकाम करून पोट भरले. ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मचरित्रात ते सारे आहे. विधवेने जे काम घरात फुकट आणि अपमान सोसून करायचे, त्याला तेथे दाम मिळत होता. घरकाम ही किंमत असलेली मेहनत आहे, हे ही बाई ग्रंथ न वाचता जाणून होती. हिंगण्याच्या इतिहासातला हा धडा अभ्यासक्रमात गेला असता, तर पुढची पन्नास वर्षे निराळी दिसली असती.

१५/
मुलग्यांपर्यंत चूल नेण्याचा पहिला गंभीर शालेय प्रयत्न वर्ध्याला झाला. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम निघाली. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांच्या शाळेत मुलगे-मुली पाळीपाळीने सामुदायिक रसोडा चालवीत, धान्याचा हिशेब ठेवीत, आहारातले घटक मोजीत. गणित, विज्ञान आणि भाकरी एकाच ओट्यावर. आणि तरीही झाकीर हुसेन समितीचा अभ्यासक्रम पाहिला तर सहावी-सातवीच्या मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा प्रगत अभ्यासक्रम घेण्याची मुभा ठेवलेली दिसते. मुलग्यांना ती मुभा नाही. क्रांतीच्या कागदावरही जुनी रेघ उमटली, ती अशी.

१६/
स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या दशकाच्या आरंभी, संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या रेघेवरच बोट ठेवले : मुलगा-मुलगी या भेदावर अभ्यासक्रम वेगळे करू नयेत, गृहशास्त्र हा मुलींचाच विषय मानू नये. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) तीच दिशा धरली. झाले काय? मुलींवरची सक्ती सैल झाली, हे चांगलेच. पण विषय मुलग्यांपर्यंत पोहोचण्याऐवजी हळूहळू दोघांच्याही दप्तरातून गेला. समतेचा अर्थ ‘दोघांनी शिकावे’ असा असताना व्यवहारात तो ‘कोणीच शिकू नये’ असा निघाला.

१७/
आणि ज्या जपानकडे पाहून हिंगण्यात गृहशास्त्र आले, तो जपान? तेथेही महायुद्धानंतर माध्यमिक शाळांत मुलग्यांना यंत्रकाम आणि मुलींना गृहशास्त्र अशी वाटणी होती. १९७३ पासून उच्च माध्यमिकच्या मुलींवर तर गृहशास्त्र सक्तीचे झाले. १९८५ साली जपानने स्त्रियांविषयीच्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्या अनुषंगाने अभ्यासक्रम बदलला आणि १९९३ साली माध्यमिक, १९९४ साली उच्च माध्यमिक शाळांत गृहशास्त्र मुलगे-मुली दोघांनाही अनिवार्य झाले. मराठी समाजाने १९१५ सालची पुस्तिका जपून ठेवली. पुढची आवृत्ती मागवली नाही.

१८/
मुलग्यांना न शिकवण्याची किंमत कोणी दिली, याचे उत्तर पुण्यापेक्षा गिरणगावात स्पष्ट दिसते. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले हजारो पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. चाते चालवता येत, भाकरी येत नसे. त्यांच्यासाठी खानावळवाल्या बायका दिवसाकाठी दहा-वीस जणांचे डबे रांधत, उधारीवर सामान आणत, सावकाराला व्याज भरत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९८२ च्या संपात गिरण्या थंडावल्या, तेव्हा या चुलींवरही आपत्ती आली. पाळीवरून परतलेला माणूस दमलेला असे आणि खोलीत चुलीला जागाही धड नसे, हे खरेच. पण खोलीत दहा पुरुष असताना एकालाही रांधणे न येणे, यात दमण्यापेक्षा संगोपनाचा वाटा मोठा होता.

१९/
कोथरूडची आजची खोली तिपटीने मोठी आहे, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, आणि रचना तीच आहे. सकाळी स्वयंपाकाच्या मावशी येतात, पोळ्या करून पुढच्या इमारतीत जातात. त्या आल्या नाहीत तर कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, मोबाइलवर डबा आहे. परगावाहून आलेला विद्यार्थी मेस लावतो; माधुकरी होती, आता महिन्याचे पैसे आहेत, एवढाच फरक. विकत घेण्यात पाप नाही. पण ‘आमच्या मुलांना स्वयंपाकाची गरजच काय’ असे म्हणणाऱ्या घराने ती गरज नाहीशी केलेली नसते, दुसऱ्या बाईकडे सोपवलेली असते. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्या संपाच्या दिवसांत कोणत्या घरांतल्या कोणाला काय येत होते, हा स्थानिक इतिहासाचा फार चांगला विषय आहे. कोणी तरी वृद्धांच्या मुलाखती घ्यायला हव्यात, वेळ थोडा उरला आहे.

२०/
सुशिक्षित घरांत एक दुसरीही प्रौढी आढळते : ‘आम्ही मुलीला मुद्दाम स्वयंपाक शिकवला नाही.’ तिच्यामागचा राग समजण्याजोगा आहे. आजी-पणजीने जे सोसले, त्यावरचा तो उतारा आहे. मात्र त्या घरातल्या मुलग्यालाही शिकवलेले नसेल, तर हिशेब बदलत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींची नोंद आहे. घरच्यांसाठीच्या बिनमोल घरकामात दिवसभरात सहभागी झालेल्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. सहभागी स्त्रीची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. मुलीला न शिकवल्याने ही तफावत मिटत नाही; लग्नानंतर ती मुलगी चाळीस व्हिडिओ पाहून शिकते, आणि मुलगा त्याच घरात ‘मदत’ करतो. जे काम आपले आहे त्यात मदत करता येत नाही, एवढे व्याकरण तरी ‘स्वयंपाक’ या शब्दाने शिकवायला हवे होते.

२१/
बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले, तेव्हा त्याची बातमी झाली. चित्र बातमी ठरते, यातच काय ते आले. पण पुस्तक एवढेच करू शकते. शाळेत चाळीस मुलांपुढे कुकर लावणे अवघड आहे, परीक्षेत भाकरी तपासणे त्याहून अवघड. हे काम घरचे आहे आणि घरानेच करायला हवे, असे म्हणण्याचे कारण हे. ‘परंपरा आहे म्हणून’ हे कारण खोटे आहे. परंपरा नव्हती म्हणून, ती आता प्रथमच घालायची आहे म्हणून.

२२/
त्यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, अभ्यास. १८८०च्या दशकात मुलींची शाळा लहान करा म्हणजे घरकामाला वेळ मिळेल, असे म्हणणे होते. आज क्लास मोठा आहे म्हणून घरकामाला वेळ नाही, असे आहे. दोन्ही वेळा मुलाच्या दिवसाचा निर्णय दुसऱ्याच कोणाच्या सोयीने झाला. डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायला दहा मिनिटे लागतात. दुसरा, ऊसतोडीच्या फडावरच्या मुलीचा : तिला तर लहानपणापासून रांधावे लागते, त्यासाठी शाळा सुटते, तिचे काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. तिचा भाऊ त्याच पालावर असतो. भांडे दोघांत वाटले असते तर एकीची शाळा पुरती सुटली नसती.

२३/
तिसरा आक्षेप विस्तवाचा. त्यासाठीच शिबिरे ‘विस्तवाशिवाय’ असतात. बिस्किटांचा चुरा, चॉकलेटचे गोळे, भेळ. ती जरूर करावीत, सुट्टी आहे. पण त्याला स्वयंपाक शिकणे म्हणू नये, जसे किल्ला करण्याला स्थापत्यशास्त्र म्हणत नाहीत. ज्या समाजाने आठ वर्षांच्या सुनेला जळत्या चुलीपुढे एकटे बसवले, त्याने बारा वर्षांच्या मुलग्याला मोठ्यांच्या नजरेखाली गॅस पेटवू देताना एवढे घाबरावे, हे जरा नवल आहे. सहाव्या-सातव्या वर्षी मटार सोलणे, तांदूळ निवडणे, पाने घेणे. मग धुणे, भिजवणे, मोजणे. एका वाटीला दोन वाट्या पाणी. मग सुरी, मग गॅस. बाजारात भाव विचारणे हाही त्यातलाच भाग, आणि काय उरले आहे ते पाहून उद्याचे ठरवणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग. पदार्थ तर पुस्तकातूनही येतो. शिकवणाराही बदलला पाहिजे. वडिलांना येत नसेल तर त्यांनी मुलाशेजारी उभे राहून शिकावे. ‘रुचिरा’ दोघांना पुरेल.

२४/
आणि हे रविवारी करू नये. रविवारी केलेल्या पदार्थाचा फोटो निघतो, कौतुक होते, ओटा आई पुसते. मंगळवारी करावे, साधे वरण-भात-भाजीचे, कोणी टाळ्या वाजवणार नाही असे. आणि जेवणे आटोपल्यावर ज्याने फोडणी केली त्यानेच कढई घासायला घ्यावी.